मराठी माणसासाठी जॉर्जियन आणि रशियन: अभ्याससाहित्य कसं निवडावं, कसं तयार करावं

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला, वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मराठी मुलामुलींच्या हातात जॉर्जियनचं जे पहिलं पुस्तक पडतं, ते बहुतेक वेळा इंग्रजी बोलणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेलं असतं. पुण्या-मुंबईत रशियन शिकणाऱ्यांचीही गत फारशी वेगळी नाही. नामाला लिंग का असतं, विभक्ती म्हणजे काय, भूतकाळात कर्त्याचं रूप का बदलतं, हे ती पुस्तकं पानंच्या पानं समजावतात. आपण मात्र ‘त्याने पत्र लिहिलं’ आणि ‘तो पत्र लिहितो’ यांतला फरक शाळेत जायच्या आधीपासून बिनचूक करत आलो आहोत. जे आपल्याला येतं ते इंग्रजीच्या वळणाने पुन्हा शिकण्यात महिने जातात. खरंच अडतं तिथे मात्र तीच पुस्तकं दोन ओळींत पुढे सरकतात, कारण इंग्रजी माणूस तिथे अडत नाही.

माझा आग्रह साधा आहे. पुस्तकं तीच घ्या, पण त्यांचा क्रम आणि भर बदला आणि त्यांवर मराठीचा एक थर स्वतः चढवा. तो थर कसा चढवायचा ते इथे पायरीपायरीने मांडतो. एकट्याने शिकणाऱ्याला हे चालेल, आणि चार-पाच जणांचा गट शिकवणाऱ्यालाही.

आधी ठरवा: कोणती भाषा, कशासाठी

दोन्ही भाषा शिकायच्या आहेत म्हणून दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका. त्या एका कुळातल्या नाहीत. रशियन स्लाव्हिक आहे, म्हणजे दूरच्या नात्याने संस्कृत-मराठीच्या कुळातली. जॉर्जियन कार्तवेली कुळातली आहे, तिची सख्खी भावंडं मेग्रेली, लाझ आणि स्वान. एकीचं व्याकरण दुसरीला लागू पडत नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यांत शब्दांची सरमिसळ मात्र होते.

जॉर्जियात राहायचं असेल तर जॉर्जियन आधी. महाविद्यालयातले वर्ग इंग्रजीत चालतात, पण रुग्ण इंग्रजीत कण्हत नाही. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता मागतात. म्हणजे वॉर्डातली भाषा टाळता येणारच नाही.

मग रशियन कशाला? १९९१ पर्यंत जॉर्जिया सोव्हिएत संघात होता, त्यामुळे वयस्कर माणसांना रशियन चांगलं येतं. क्वेमो कार्तली आणि सामत्स्खे-जावाखेती या भागांत अझरबैजानी आणि आर्मेनियन वस्ती मोठी आहे, तिथे अनेकांशी रशियनमधूनच संवाद जमतो. तरुण पिढी इंग्रजीकडे वळली आहे. २००८ च्या रशिया-जॉर्जिया युद्धानंतर रशियन हा अनेकांसाठी दुखरा विषय आहे. म्हणून पहिला नमस्कार जॉर्जियनमध्ये करावा, आणि ‘रशियन चालेल का’ असं विचारून मगच रशियनवर यावं. १४ एप्रिल १९७८ ला तिबिलिसीत लोक रस्त्यावर उतरले होते, ते संविधानातलं जॉर्जियनचं राज्यभाषेचं स्थान काढू नये म्हणून. स्थान टिकलं, आणि आजही तो दिवस मातृभाषेचा म्हणून पाळतात. आपल्या भाषेबद्दल इतकं हळवं असणाऱ्या लोकांना परक्याने दोन वाक्यं नीट बोलून दाखवली की दारं उघडतात.

लिपी: दोन्हीकडे ३३ अक्षरं

दोन्ही लिप्यांत ३३ अक्षरं आहेत. जॉर्जियनमध्ये मोठी-लहान अक्षरं असा भेद रोजच्या लेखनात नाही आणि लिहिलं तसंच वाचतात, म्हणून ती लिपी आधी हाती येते.

अक्षरमाला वरून खाली पाठ करू नका. इयाकोब गोगेबाश्विली यांनी १८७६ मध्ये मुलांसाठी ‘देदा एना’ ही बाराखडीची पोथी काढली. तिची सुरुवात ‘आई ईआ’ या दोन शब्दांनी होते, म्हणजे ‘हे बघ, व्हायोलेटचं फूल’. फक्त दोन अक्षरं, पण पहिल्याच पानावर मूल अर्थपूर्ण वाक्य वाचतं. पुढे एकेक अक्षर येतं आणि जुन्या अक्षरांशी जुळून नवे शब्द तयार होतात. प्रौढांनाही हीच पद्धत लागू पडते. रोज तीन अक्षरं घ्या, त्यांच्यातून आणि आधीच्या अक्षरांतून बनणारे पाच-सहा शब्द लिहा. ‘देदा’ म्हणजे आई आणि ‘मामा’ म्हणजे वडील, हे शब्द पहिल्या दोन दिवसांतच येतील. लिहायला शाळेतली चार रेघी वही घ्या, कारण काही अक्षरं वर चढतात, काही खाली उतरतात, आणि ती उंची चुकली तर अक्षर ओळखू येत नाही.

रशियन लिपीत धोका ओळखीच्या चेहऱ्यांचा आहे. रोमन ‘एच’सारखं दिसणारं अक्षर ‘न’ असतं, ‘पी’सारखं ‘र’, ‘सी’सारखं ‘स’, ‘बी’सारखं ‘व’. या चारांचं वेगळं पान करा आणि आठवडाभर रोज वाचा. छापील अक्षरांवर थांबू नका. रशियन माणूस हाताने, अक्षरं एकमेकांना जोडत जाणाऱ्या वळणात लिहितो, आणि त्या वळणात छापील ‘त’ रोमन ‘एम’सारखा होतो. डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानातली हाताने लिहिलेली पाटी, शिक्षकांचा शेरा, सगळं याच वळणात असतं. रशियन शाळकरी मुलांसाठी गिरवण्याच्या वह्या मिळतात, त्यांना ‘प्रोपिसी’ म्हणतात. त्यांची पानं छापून घ्या आणि गिरवा.

फोनवर दोन्ही कळफलक पहिल्याच दिवशी चालू करा. संगणकावर जॉर्जियनसाठी रोमन जागांवर बसवलेला कळफलक आहे. त्यात ‘टी’ची कळ दाबली की ‘त’ आणि शिफ्ट धरून दाबली की ‘थ’ येतो. हा भेद आपल्याला पुढच्याच पायरीवर लागणार आहे.

ध्वनी: इथे मराठीची खरी कमाई

जॉर्जियनमध्ये स्पर्शव्यंजनांच्या तिहेरी ओळी आहेत: एक घोष, एक महाप्राण, आणि एक कंठ क्षणभर बंद करून सोडलेली. इंग्रजी पुस्तकं यातल्या शेवटच्या दोहोंना घाबरून असतात, कारण इंग्रजीत ‘क’ आणि ‘ख’ वेगळे मानतच नाहीत. आपल्याकडे ते बाराखडीतच वेगळे आहेत. म्हणून रोमन लिप्यंतर पूर्ण बाजूला ठेवा आणि देवनागरीची ही मांडणी वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

घोष: ग, द, ब, ज (जन्म), ज़ (जग)
महाप्राण: ख, थ, फ (दोन्ही ओठ मिटून, ‘फळ’मधला), छ, छ़ (चाकातला ‘च’ श्वास सोडून)
कंठबंद: क, त, प, च (चिंच), च़ (चाक)

‘चिंच’ आणि ‘चाक’ यांतले दोन ‘च’ आपण नकळत वेगळे उच्चारतो, ‘जन्म’ आणि ‘जग’ यांतले दोन ‘ज’सुद्धा. जॉर्जियन लिपीत त्या प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर आहे. कंठबंद व्यंजनं सुरुवातीला आपल्या साध्या क, त, प सारखी म्हटली तरी जॉर्जियन माणसाला बरोबर ऐकू येतात. याचा पुरावा त्यांच्याच भाषेत आहे: रशियनमधून आलेल्या शब्दांतले अल्पप्राण क, त, प जॉर्जियन लोक याच कंठबंद अक्षरांनी लिहितात. नेमका उच्चार पुढे कानाने येईल.

आता जोड्या करा. ‘खारी’ म्हणजे वारा, ‘कारी’ म्हणजे दार. ‘छीरी’ म्हणजे सुकवलेलं फळ, ‘चीरी’ म्हणजे संकट. ‘छ़ेली’ म्हणजे विळ्यासारखं गवत कापायचं अवजार, ‘च़ेली’ म्हणजे वर्ष आणि कंबरही. ‘पूरी’ म्हणजे पाव, ‘फूरी’ म्हणजे गाय. या जोड्या एखाद्या जॉर्जियन मित्राकडून ध्वनिमुद्रित करून घ्या. क्रम न सांगता ऐकायचं आणि कोणता शब्द होता ते लिहायचं. दहापैकी नऊ ओळखू येईपर्यंत पुढे जाऊ नका. मूळ भाषकांचे उच्चार हवे असतील तर फोर्वोसारख्या संकेतस्थळावर सुटे शब्द मिळतात.

घशातले तीन आवाज वेगळे शिकावे लागतात: ‘ख़’, ‘ग़’ आणि अगदी खोलवरचा ‘क़’. उर्दू-हिंदी गाणी ऐकणाऱ्याला पहिले दोन पटकन जमतात. तिसऱ्याला वेळ द्या.

जोडाक्षरांची भीती बाळगू नका. ‘म्त्कीवा’ (मला दुखतं) हा शब्द मागून पुढे म्हणा: कीवा, त्कीवा, म्त्कीवा. प्रत्येक अवघड शब्दाच्या कार्डामागे असा उलटा जिना लिहून ठेवा.

रशियनची अडचण दुसरी आहे: आघात. तो शब्दात कुठेही पडतो, रूप बदललं की सरकतो, आणि आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’सारखा ऐकू येतो. लिहायचं ‘मोलोको’, म्हणायचं ‘मलाको’, म्हणजे दूध. पाठ्यपुस्तकांत आघाताची खूण असते, वर्तमानपत्रात नसते. म्हणून आघाताची खूण नसलेला एकही शब्द कार्डावर चढू देऊ नका. ओपनरशियनच्या संकेतस्थळावर आणि विक्शनरीत प्रत्येक रूपाचा आघात दाखवलेला असतो. दुसरी गोष्ट मृदू व्यंजनांची. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, आणि शेवटचा ‘त’ जीभ टाळूकडे नेऊन मृदू केला की ‘घेणे’. याच्याही जोड्या करा.

मुख्य पुस्तक एकच ठेवा

जॉर्जियनसाठी पर्याय मोजके आहेत. डोडोना किझिरिया यांचं प्रवेशिकेच्या पातळीचं पुस्तक संवादांपासून सुरू होतं, नवशिक्याला ते सोपं जातं. जॉर्ज हेविट यांचं १९९६ चं व्याकरण नेमकं पण दाट आहे. ते संदर्भासाठी ठेवा, पहिल्या पानापासून वाचू नका. हॉवर्ड आरोन्सन यांचं १९८२ चं पुस्तक वाचन शिकवतं, बोलणं नाही. ज्याला जॉर्जियन साहित्य वाचायचं आहे त्याने ते घ्यावं, वॉर्डात उभं राहायचं असलेल्याने नाही. जॉर्जियाच्या शिक्षण मंत्रालयाच्या ‘इर्बाखी’ कार्यक्रमातली ‘आग़्मार्थी’ ही स्तरवार मालिका मला या सगळ्यांत जास्त उपयोगी वाटते, कारण ती इंग्रजीवर उभी नाही. चित्रं, संवाद आणि ध्वनिफितींमधून ती जॉर्जियनमध्येच जॉर्जियन शिकवते, त्यामुळे मराठीचा थर चढवायला जागा मोकळी राहते.

इर्बाखी हे नाव जॉर्जियन दूत निकिफोरे इर्बाखीचं. त्याच्या साहाय्याने रोममध्ये १६२९ ला जॉर्जियन-इटालियन कोश छापला गेला. छापील जॉर्जियनचा आरंभ असा परदेशी मिशनऱ्यांसाठीच्या अभ्याससाहित्यापासून झाला. त्याच सुमारास, १६४० मध्ये, गोव्यात राचोलला थॉमस स्टीफन्स यांचं कोंकणीचं व्याकरण छापलं गेलं, तेही याच गरजेतून.

रशियनमध्ये उलट प्रश्न आहे, साहित्य भरमसाट. तिथे स्तर पाहून निवडा. रशियनच्या परदेशीयांसाठीच्या परीक्षेत पहिल्या तीन पायऱ्यांचा शब्दसंग्रह ठरलेला आहे: ७८०, मग १३००, मग २३००. पुस्तक या पायऱ्यांना धरून असेल तरच घ्या. ‘दरोगा व रस्सीयू’ ही मालिका तशी आहे आणि वर्गासाठी चांगली आहे. सरावासाठी खाव्रोनिना आणि शिरोचेन्स्काया यांचं स्वाध्यायांचं पुस्तक अजूनही तोडीस तोड आहे. त्याच्या सोव्हिएत काळातल्या स्वस्त आवृत्त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सापडतात. विद्यापीठाचा आधार हवा असेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आहे, मुंबईत रशियन हाउस आहे. मॉस्कोच्या पुश्किन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. डुओलिंगोवर रशियन आहे, जॉर्जियन नाही.

मराठीचा पूल

हे काम तुम्हालाच करायचं आहे, कारण छापील पुस्तकात ते सापडत नाही. एक जाड वही घ्या. डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर त्याच बांधणीचं जॉर्जियन किंवा रशियन वाक्य. नियम लिहू नका, वाक्यंच लिहा.

जॉर्जियनची सुरुवात शब्दयोगी अव्ययांनी करा. तिथे ती आपल्यासारखीच नामाला मागून चिकटतात. ‘स्कोलाशी’ म्हणजे शाळेत, ‘मागीदाझे’ म्हणजे टेबलावर, ‘देदीस्थ्वीस’ म्हणजे आईसाठी, ‘थ्बीलीसीदान मुंबाईम्दे’ म्हणजे तिबिलिसीहून मुंबईपर्यंत. ‘आईसाठी’मध्ये आधी ‘आई’ मग ‘साठी’, तोच क्रम. इंग्रजीतून शिकणारा इथे प्रत्येक वाक्य उलटं फिरवतो. तुम्ही फिरवायचं कारण नाही.

मग ‘ने’. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

इस च़ेरील्स च़ेर्स. (तो पत्र लिहितो.)
मान च़ेरीली दाच़ेरा. (त्याने पत्र लिहिलं.)

वर्तमानकाळात ‘इस’, भूतकाळात ‘मान’. वर्तमानकाळात ‘तो’, भूतकाळात ‘त्याने’. नामांचंही तसंच: ‘काछ़ी’ म्हणजे माणूस, ‘काछ़्मा’ म्हणजे माणसाने, ‘देदा’ आई, ‘देदाम’ आईने. ‘मी’ आणि ‘तू’ यांना मराठीत ‘ने’ लागत नाही, ‘मी लिहितो, मी लिहिलं’. जॉर्जियनमध्येही ‘मे’ (मी) आणि ‘शेन’ (तू) दोन्हीकडे तसेच राहतात. व्याकरणाच्या पुस्तकात हा प्रकरणभराचा विषय आहे, आपल्याला दहा वाक्यांत समजतो.

तिसरं वाक्यही लगेच जोडा: ‘थूर्मे मास च़ेरीली दाऊच़ेरीआ’, त्याने पत्र लिहिलंय म्हणे. स्वतः पाहिलेलं नाही, नंतर कळलेलं आहे, हे जॉर्जियन क्रियापद आपल्या रूपातच सांगतं, आणि कर्ता ‘त्याला’च्या विभक्तीत जातो. ‘थूर्मे’ बरोबर आपल्या ‘म्हणे’च्या जागी बसतो.

पूल कुठे तुटतो तेही वहीतच लाल शाईने लिहा, नाहीतर साम्याच्या नादात चुका पक्क्या होतात. जॉर्जियनमध्ये ‘मूल रडलं’ हे ‘बाव्श्व्मा ईतीरा’ होतं, म्हणजे तिथे अकर्मक वाटणाऱ्या क्रियापदाबरोबरही ‘ने’ येतो. वर्तमानकाळात कर्माला ‘स’ लागतो, मग ते निर्जीव असो की सजीव: सफरचंद ‘वाश्ली’, पण ‘सफरचंद खातो’ म्हणताना ‘वाश्ल्स चाम्स’. आणि ‘पोळी खाल्ली, आंबा खाल्ला’ असं क्रियापद कर्माच्या लिंगाने बदलत नाही, कारण जॉर्जियनमध्ये लिंगच नाही. तो, ती, ते, तिघांना एकच ‘इस’.

रशियनमध्ये लिंग आहे, आणि तीनच आहेत:

ब्रात प्रिशोल. (भाऊ आला.)
सिस्त्रा प्रिश्ला. (बहीण आली.)
पिस्मो प्रिश्लो. (पत्र आलं.)

‘आला, आली, आलं’ म्हणणाऱ्याला आणखी काय समजावायचं? रशियनच्या सहा विभक्ती प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी या शाळेतल्या नावांनीच लिहा. पंचमीचं काम तिथे बरंचसं षष्ठी करते, एवढी टीप पुरे. पुस्तकं सजीव-निर्जीव कर्माचा नियम मोठा करून सांगतात: ‘टेबल पाहतो’ला नाम बदलत नाही, ‘विद्यार्थ्याला पाहतो’ला बदलतं. आपण टेबलाला ‘ला’ लावत नाही आणि विद्यार्थ्याला लावतो. ‘या वीझू स्तोल, या वीझू स्तुद्येंता.’ झालं.

‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडतं’ ही बांधणी तर दोन्ही भाषांत आहे. रशियनमध्ये ‘म्न्ये खोलद्ना’, जॉर्जियनमध्ये ‘म्छ़ीवा’. वहीत मराठी, जॉर्जियन, रशियन अशी तीन रकाने पाडलेली पानं फक्त या वाक्यांसाठी ठेवा. दोन्ही भाषा मजबूत झाल्यावर तिथे परत यायला आनंद होतो.

रशियनमधली क्रियापदांची जोडी, अपूर्ण आणि पूर्ण, आपल्या ‘वाचत होतो’ आणि ‘वाचून काढलं’ यांतून समजून घ्या. ‘बराच वेळ गणित सोडवत होतो, शेवटी सोडवलं’ या वाक्यात दोन्ही आहेत, रशियनमध्ये आधी ‘रिशाल’ मग ‘रिशील’. पण हा पूल अर्ध्यापर्यंतच जातो. नकारार्थी आज्ञेत बहुधा अपूर्ण रूपच लागतं: ‘अत्क्रोय अक्नो’ (खिडकी उघड), ‘नि अत्क्रिवाय अक्नो’ (उघडू नकोस). ही वाक्यं जोडीनेच पाठ करा. आणि गतीच्या क्रियापदांना मराठीची काहीच मदत नाही. आपण एकाच ‘जाणे’वर भागवतो. रशियन विचारतो: पायी की वाहनाने, आत्ता एका दिशेने की नेहमीचं जाणं-येणं? एका कागदावर चार चौकोन आखा, प्रत्येकात चित्र काढा आणि चित्रावरूनच बोला. शब्दांचं भाषांतर इथे दगा देतं.

कार्डं: सुटा शब्द नको

अँकीसारखं कार्डांचं ॲप वापरा, पण एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ अशी कार्डं करू नका. पूर्ण वाक्य घ्या, एक जागा रिकामी ठेवा, सोबत मूळ भाषकाचा आवाज जोडा. जॉर्जियन क्रियापदासाठी हे फारच गरजेचं आहे, कारण तिथे कर्म क्रियापदाच्या पोटात असतं. दुखण्याचं हे कार्ड पाहा:

म्त्कीवा: मला दुखतं
ग्त्कीवा: तुला दुखतं
स्त्कीवा: त्याला दुखतं
ग्व्त्कीवा: आम्हाला दुखतं
ग्त्कीवाथ: तुम्हाला दुखतं

‘म’ म्हणजे मला, आणि शेवटचा ‘थ’ म्हणजे अनेकवचन किंवा आदर. तोच ‘थ’ ‘गामार्जोबा’ला लागला की ‘गामार्जोबाथ’ होतो, मोठ्या माणसाला करायचा नमस्कार. एका क्रियापदाचं असं पान पक्कं झालं की शेकडो क्रियापदांचा साचा हाती येतो. कोशात क्रियापद शोधताना मात्र पुढचे-मागचे तुकडे काढून ‘च़ेरा’ (लिहिणं) अशा क्रियानामापर्यंत जावं लागतं. म्हणून कार्डावर क्रियानाम कोपऱ्यात लिहाच.

वाचायला काय द्यावं

रशियनमध्ये स्तरवार सोप्या गोष्टी विपुल आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. जॉर्जियनमध्ये नवशिक्याला झेपेल असं वाचन फार कमी आहे, ते तयार करावं लागतं. ठाऊक असलेली गोष्ट निवडा, म्हणजे अर्धा अर्थ आधीच खिशात असतो. पंचतंत्र उत्तम. करटक आणि दमनक हे कोल्हे अरबी-फारसीमार्गे जॉर्जियात पोचले. अठराव्या शतकात राजा वाख्तांग सहावा आणि सुलखान-साबा ऑर्बेलियानी यांनी त्यांना ‘खिलिला दा दामाना’ या नावाने जॉर्जियन साहित्यात आणलं. तो मूळ ग्रंथ नवशिक्याला झेपणार नाही. पण सिंह आणि बैलाची गोष्ट तुम्ही स्वतः पंधरा सोप्या वाक्यांत लिहा, जॉर्जियन शिक्षकाकडून तपासून घ्या, आणि तो पाठ पुढच्या तुकडीसाठी जपून ठेवा.

दुसरा पाठ राणी केतेवानचा. पूर्व जॉर्जियातल्या काखेतीच्या या राणीला १६२४ मध्ये शिराझला ठार मारलं गेलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी जुन्या गोव्यात आणल्या, आणि २०२१ मध्ये भारताने त्यातला अंश जॉर्जियाला भेट दिला. ‘मी तिकडचाच, गोव्याजवळचा’ असं सांगून हे शंभर शब्दांत जॉर्जियनमध्ये सांगता आलं, तर तिबिलिसीतल्या कोणत्याही घरात तुमचं बोलणं लक्ष देऊन ऐकतील. बोलण्याच्या सरावाला असं घरचं, खरं कारण असलेला विषयच हवा.

ऐकण्यासाठी जॉर्जियन सार्वजनिक वाहिनीच्या बातम्या घ्या, पण सुरुवातीला फक्त हवामान. ठिकाणांची नावं, आकडे आणि ठरलेली वाक्यं, एवढंच त्यात असतं.

वॉर्डाची पानं

आकड्यांपासून सुरू करा. जॉर्जियन विसाने मोजतं, जसं आपल्या खेड्यांतली जुनी माणसं ‘चार विसा’ म्हणत. २० ‘ओछ़ी’, ४० ‘ओर्मोछ़ी’ (दोन वीस), ६० ‘सामोछ़ी’, ८० ‘ओथ्ख़्मोछ़ी’. मधले आकडे विसावर बेरीज करून येतात. ताप ३८ म्हणजे ‘ओछ़्दाथ्व्रामेती’, वीस आणि अठरा. रक्तदाब, नाडी, ताप, वय, औषधाचे मिलिग्रॅम, याच आकड्यांचा सराव करा. एकाने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने तक्त्यावर लिहायचा. ऐकून लिहिता आला तरच तो आला.

मग प्रश्न. प्रत्येक प्रश्नासोबत रुग्ण देऊ शकेल अशी चार उत्तरंही लिहा. नुसते प्रश्न पाठ करणारा विद्यार्थी उत्तर आलं की गप्प होतो.

साद ग्त्कीवाथ? (कुठे दुखतंय?) रशियनमध्ये: ग्द्ये बलीत?
रोदीदान ग्त्कीवाथ? (कधीपासून दुखतंय?) रशियनमध्ये: काक दव्नो बलीत?
थावी म्त्कीवा. (डोकं दुखतंय.) रशियनमध्ये: ऊ मिन्या बलीत गलवा.
ग़्र्माद छाईसून्थ्खेथ. (खोल श्वास घ्या.) रशियनमध्ये: दिशीत्ये ग्लुबाको, आणि श्वास रोखायला: नि दिशीत्ये.

‘रोदीदान’मधला ‘दान’ म्हणजे ‘थ्बीलीसीदान’मधलाच ‘हून, पासून’. अशा जागा अधोरेखित करा.

हाक मारण्याची रीत या पानांवर वरच लिहा. जॉर्जियनमध्ये वडीलधाऱ्या बाईंना ‘खाल्बातोनो’ आणि पुरुषांना ‘बातोनो’ म्हणून पुढे त्यांचं पहिलं नाव घ्यायचं. रशियनमध्ये नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं नाव असं दोन्ही घ्यायचं, आणि आदराचं ‘वी’ वापरायचं. आपल्या ‘तुम्ही’सारखंच ते आहे. आजारी माणसाला ‘तू’ म्हणून चालत नाही, हे कोणत्याही वॉर्डात खरं आहे.

ही पानं बनवताना ध्वनिमुद्रणासाठी दोन वेगळे आवाज घ्या, एक तरुण आणि एक वयस्क. वर्गातल्या शिक्षिकेचा सावकाश, स्वच्छ जॉर्जियन कळतो, पण दात नसलेल्या आजोबांचा कळत नाही, आणि वॉर्डात आजोबाच भेटतात. ज्याचा आवाज घ्याल त्याला तो कशासाठी आहे ते सांगा, परवानगी घ्या, शक्य असेल तर मानधन द्या. खऱ्या रुग्णाचं बोलणं कधीही ध्वनिमुद्रित करू नका. वॉर्डात ऐकलेलं एखादं वाक्य त्याच संध्याकाळी नाव-गाव वगळून वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी शिक्षकांना दाखवा आणि बरोबर निघालं की त्याचं कार्ड करा.